सांबारताईंची चौकट

सांबारताई कार्यालयातला फोन उचलल्यावर "हॅलो" म्हणत नसत. "कोणता शब्द?" असं विचारत. पलीकडचा माणूस जाहिरातीचा दर विचारत असो, अंक पोचला नाही म्हणून चिडलेला असो किंवा त्याचा फोन चुकून लागलेला असो, पहिला प्रश्न हाच. बहुतेकांची पंचाईत होई. काही जण मात्र क्षणभर थांबून खरोखरच एखादा शब्द सांगत. अंक आला नाही अशी तक्रार करायला मानेवाड्याहून फोन केलेले एक गृहस्थ तक्रार विसरले आणि आपल्या आजीच्या तोंडचे शब्द बराच वेळ सांगत बसले. अंक त्यांना दुसऱ्या दिवशीही पोचला नाही. त्यांनी पुन्हा फोन केला, तो आणखी एक शब्द आठवला म्हणून.

ताई नागपूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होत्या. दैनिकाचं नाव इथे गरजेचं नाही. इतरांसारख्याच त्या बातम्या तपासत, मथळे देत, पानं लावून घेत. त्याखेरीज त्यांच्याकडे एक चौकट होती. आतल्या पानावर, डावीकडे खाली, पोस्टकार्डाहून लहान. नाव 'आज एक'. तिच्यात रोज एक शब्द, एखादी रीत किंवा शहरातली एखादी जुनी गोष्ट येई. राजकारणाच्या पानांवर मेहनत घेणाऱ्या सहकाऱ्यांना हे मान्य करणं जड जाई, पण बरेच वाचक अंक हातात आल्यावर आधी ते पान उघडत.

त्या लिहीत प्रमाण मराठीत आणि बोलत नागपुरीत. दोन्हींची सरमिसळ कधी होत नसे. नव्याने आलेल्या एकाने याचं नवल केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाहेर जाताना कपड्याले इस्त्री करतो नं आपण? मंग घरी बसाले काहून इस्त्री पाह्यजे?" त्या नरखेडकडच्या शेतकरी घरातल्या. लग्नानंतर नागपूरला आल्या, नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात होता आणि घर हुडकेश्वरला. बोली सोडून द्यावी असं त्यांना या सगळ्या प्रवासात कोणी सुचवलं असेलच. त्यांनी ते ऐकलेलं दिसत नव्हतं.

सांबारताई हे नाव त्यांना पुरवणीतल्या एका पाककृतीमुळे मिळालं. पाटवडीची कृती होती. पाठवणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, 'वरून बारीक चिरलेला सांबार घालावा.' कृती तपासायला गेली महेशकडे. महेश हा साताऱ्याहून नुकताच बदलून आलेला उपसंपादक. सांबार चिरता येत नाही एवढं त्याला नक्की माहीत होतं. त्याने 'बारीक चिरलेला' काढून 'गरम' घातलं. अंक निघाला आणि दुपारपासून फोन सुरू झाले. नागपूरकर नुसते हसत होते. नाशिकहून लग्न होऊन आलेल्या एका सुनेने मात्र कृती जशीच्या तशी केली होती आणि ती विचारत होती की आता हे ताटात वाढायचं की वाटीत.

महेश ताईंच्या टेबलाशी गेला. "ताई, सांबार म्हणजे इडलीबरोबरचा तोच ना?"

"तो हॉटेलातला. घरचा सांबार हिरवा असते गा. जुडीनं मिळते."

"ती कोथिंबीर."

"तेच सांगून राहिली मी तुले."

दुसऱ्या दिवशी चौकटीत आलं : 'सांबार (पुं.) : विदर्भात कोथिंबीर. चिरता येतो, ओतता येत नाही.' महेशचं नाव कुठे नव्हतं. संध्याकाळी कोणीतरी त्यांना सांबारताई म्हटलं. त्यांनी हरकत घेतली नाही. "कोणत्या अर्थानं म्हणून राहिला?" एवढंच विचारलं.

माहितीचे त्यांच्या लेखी तीन प्रकार होते : ऐकलेलं, वाचलेलं आणि वाटलेलं. चौकटीच्या शेवटी पहिल्या दोहोंपैकी एक छापलं जाई. तिसऱ्याला प्रवेश नव्हता. एखादा वार्ताहर शब्दाच्या जन्माची रंगतदार कथा घेऊन आला की त्या विचारत, "ऐकलं का वाटलं?" तो घुटमळला की म्हणत, "मंग ते घरी ने. जेवताना पोरायले सांगजो. खुश होतीन." सीताबर्डीच्या नावाबद्दल त्यांनी दोन्ही मतं छापली होती. दोन भावांच्या नावांवरून ते पडलं असं काही जण सांगतात, टेकडीला बर्डी म्हणतात म्हणून पडलं असं दुसरे सांगतात. एका वाचकाने फोनवर हट्ट धरला की यातलं खरं कोणतं ते छापा. ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी बातमीदार आहो. निकाल कोर्टात मिळते."

सकाळच्या पाळीला असल्या की त्या कार्यालयाखालच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर जात. खायला कमी आणि ऐकायला जास्त. गाडीवरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक झालं होतं. त्या आल्या की कोणीतरी म्हणे, "ताई आल्या बे, नीट बोल." मग सगळे दोन मिनिटं पुस्तकातल्यासारखं बोलत. ताई वैतागत. "तुम्ही नीट बोलले तं माह्यं काम कसं चालन?" त्यावर पोहेवाला तर्रीच्या तिखट रश्श्याचा डाव हातात धरून सांगे की आज ताईंना एक शब्द देणाऱ्याला तर्री जास्त. शब्द येत. त्यातले काही त्याच क्षणी तयार झालेले असत आणि ताईंना ते लगेच कळे, कारण सांगणारा आधी स्वतः हसे.

रीतीभाती त्या बातमीसारख्या लिहीत. उन्हाळ्यात नागपूरकर खिशात कांदा ठेवतात, यावरची चौकट अशी होती : 'ऊन लागू नये म्हणून बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात. उपयोग होतो का, असे एका डॉक्टरांना विचारले. पुरावा नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या खिशात कांदा होता. ऐकलेलं.' संपादकांनी विचारलं की खिशातला कांदा ऐकलेला कसा. ताईंनी मान्य केलं की तो पाहिलेला होता आणि बराच वेळ विचार केला की 'पाहिलेलं' असा चौथा प्रकार सुरू करावा का. शेवटी केला नाही. म्हणाल्या, "पाहिलेलं तं फोटोवाल्याचं काम."

हे काम त्या घरच्या लग्नातही थांबवत नसत. मुलीच्या लग्नात, ऐन पंगतीत, विहीणबाई कोणाला तरी म्हणाल्या की कोशिंबिरीत भेदरं कमी पडले. भेदरं म्हणजे टोमॅटो. ताई वाढणं सोडून विहिणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून भेदरंच म्हणतेत? लहान पोरंही म्हणतेत का?" विहीणबाईंना वाटलं की आपल्या बोलण्याची थट्टा चालली आहे. त्या रुसल्या. मानपान झाले, समजुती झाल्या, तरी वरात निघेपर्यंत चेहरा तसाच. लग्नानंतर काही दिवसांनी चौकटीत आलं : 'भेदरं : टोमॅटो. शहरात कमी ऐकू येतो. ऐकलेलं : एका लग्नात, वरमाईंच्या तोंडून.' विहीणबाईंनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. त्यानंतर त्या फोन करत आणि नमस्कार-चमत्काराऐवजी थेट शब्दच सांगत.

चुकीच्या बाबतीत ताईंचा एक आग्रह होता. पूर्वीच्या एका संपादकांकडून त्यांनी तो नियम म्हणून मान्य करून घेतला होता : चूक जिथे छापली, दुरुस्ती तिथेच आणि तेवढ्याच जागेत. दैनिकाच्या इतर शहरांतल्या आवृत्त्यांत दुरुस्ती शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात जाई. नागपुरात तसं चालत नसे. "चूक ओसरीवर अन् माफी मागच्या दारी, हे काही बरोबर नाही," असं त्या म्हणत. चौकटीत चूक झाली की दुसऱ्या दिवशीची अख्खी चौकट दुरुस्तीला जाई. चौकट ताईंचीच असल्याने हा नियम सगळ्यात जास्त वेळा त्यांनाच लागू होई.

मग एका वर्षी मुंबईच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं की अशी चौकट सगळ्या आवृत्त्यांत असावी आणि ती एकच असावी. समन्वय संपादकांनी व्हिडिओ बैठक बोलावली. गृहस्थ सज्जन होते आणि घाईत होते. त्यांनी ताईंची स्तुती केली आणि एक संधीही दिली : सगळ्या महाराष्ट्राला चालेल असा एक नमुना पाठवा, पसंत पडला तर सगळीकडची चौकट तुम्हीच लिहा. ताईंनी पाठवलं : 'काहून : का, कशासाठी. नागपूर व वऱ्हाडात रोजच्या वापरात. कसा तयार झाला, हे खात्रीने सांगता येत नाही. ऐकलेलं.'

पुढच्या बैठकीत समन्वय संपादक म्हणाले, "ताई, 'खात्रीने सांगता येत नाही' असं कसं छापायचं? लोक माहितीसाठी वाचतात."

"हे माहितीच आहे."

"थोडी गोष्ट घाला त्यात. एखादा राजा, दरबार, कोणीतरी प्रश्न विचारतो. आमच्याकडे एकाने तशी गोष्ट शोधूनही काढली आहे."

"कुठी मिळाली त्यायले?"

"सगळीकडे फिरतेय ती."

"फिरू द्या. आपल्या घरी मुक्कामाले काहून बोलावता?"

पडद्यावरचे काही चेहरे हसले, काहींनी घाईने आपले आवाज बंद केले. नमुना पसंत पडला नाही. पुढच्या महिन्यापासून 'आज एक' मुंबईत तयार होऊन नागपुरात येऊ लागली.

ताईंची नोकरी शाबूत होती. पगार तोच, टेबल तेच, फोनही तोच. चौकट तेवढी गेली होती. निवृत्ती जवळ आली होती आणि आपण असताना ती परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, पोह्याच्या गाडीवर, महेशजवळ. "माह्या हातून बंद झाली असं नको व्हाले गा." महेशने काहीतरी धीर देणारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुले वाटून राहिलं." मग दोघांनी पोहे खाल्ले. वाचकांचे फोन येतच होते. ताई ऐकून घेत आणि सांगत, "सध्या जागा नाही. पण ठेवून देते."

मुंबईची चौकट वाईट नव्हती. भाषा सफाईदार होती, गोष्टी गोड होत्या. उन्हाळा तिने सुखरूप काढला आणि पोळ्याला घसरली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. मुंबईच्या चौकटीने हे सगळं नीट सांगितलं होतं आणि पुढे एक वाक्य होतं : 'या दिवशी मुले आवर्जून नवी बंडी घालतात.' मूळ माहिती कोणा विदर्भातल्या माणसाने दिली असावी. मुलं बैलाला बंडी लावतात, असं त्याने म्हटलं असणार. विदर्भात बंडी म्हणजे बैलगाडी. मुंबईत बंडी म्हणजे बाह्या नसलेलं जाकीट. तिथल्या लिहिणाऱ्याने ती बैलाच्या मागून काढून मुलाच्या अंगात घातली.

सकाळी पहिला फोन एका आजोबांचा. "ताई, माह्या नातवाले बैलगाडी घालाची आहे. कोणत्या मापाची घेऊ?"

"छाती किती आहे पोराची?" ताईंनी विचारलं. आवाजात बऱ्याच दिवसांनी जान होती.

दुपारी त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक म्हणाले, "शेवटच्या पानावर दोन ओळी देऊ."

"नियम आहे, साहेब."

"नियम आपल्या चुकांसाठी आहे. ही मुंबईची चूक."

"छापली कोणी?"

संपादकांनी मुंबईला न विचारता होकार दिला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या अंकात मुंबईची चौकट नव्हती. तिच्या जागी होतं : 'दुरुस्ती : तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैलांना बंडी, म्हणजे बैलगाडी, जोडतात. ती अंगात घालत नाहीत. नागपूरकडे बंडी नावाचा कपडा नाही. ऐकलेलं.' शहरभर हशा झाला. पोह्याच्या गाडीवर तर्री फुकट झाली.

मुंबई रागावेल अशी अपेक्षा होती. समन्वय संपादकांचा फोन आला तेव्हा मात्र ते हसत होते. त्यांनी नागपूरच्या संपादकांना सांगितलं की दुरुस्ती इथे सगळ्यांनी वाचली, नागपूरची चौकट नागपूरला परत द्यावी असा विचार आहे, सोमवारच्या बैठकीत ठरवून टाकू. ही बातमी ताईंना सांगायला संपादक स्वतः त्यांच्या टेबलापर्यंत चालत आले. असं ते सहसा करत नसत.

शनिवारी सकाळी ताईंनी फोन उचलला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आलं, "बंडी." कामठीचे एक कापडाचे दुकानदार बोलत होते. "मॅडम, आपका पेपर रोज पढता मैं. आपने लिखा, बंडी नाम का कपडाच नहीं है इधर. मैं तो रोज बंडी बेचता. बैलगाडी आज तक एक नहीं बेची."

ताईंनी कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "दुकान कुठी आहे तुमचं?"

त्या शेअर ऑटोने कामठीला गेल्या. महेश बरोबर होता. दुकानात दर्शनी बाजूलाच बंड्या टांगलेल्या होत्या, पांढऱ्या, सुती. त्या बसल्या असतानाच एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "भाई, एक बंडी देना, जेबवाली." ताईंनी त्याला विचारलं की घरी सगळे हाच शब्द वापरतात का. त्याने त्यांच्याकडे, मग दुकानदाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "तो और क्या बोलेंगे?" आणखी दोघांना विचारून त्या उठल्या. दुकानदाराने चहा मागवला होता तो घेतला. नवऱ्यासाठी एक बंडी विकत घेतली.

परतताना महेश म्हणाला, "ताई, एकाच माणसाने फोन केलाय. सोमवारपर्यंत थांबलं तर कोणाला कळणार आहे?"

"त्याले कळलं नं."

"पण बैलगाडी तर बरोबर आहे. मुख्य मुद्दा बरोबर आहे."

"मुद्दा बरोबर आहे. वाक्य चुकलं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कपडा नाही, असं लिहिलं मी. 'नाही' हे कधी ऐकू येते का गा? ते मले वाटलं होतं. अन् खाली ऐकलेलं म्हणून छापलं."

संपादकांनी या वेळी खरोखर समजावलं. मुंबईला आपण जी चूक दाखवली, तिच्यातच आपली चूक निघाली हे सोमवारच्या आदल्या दिवशी छापणं म्हणजे चौकट स्वतःच्या हाताने परत पाठवणं, असं त्यांचं म्हणणं होतं. "दुरुस्ती करू नका असं म्हणत नाही मी. मंगळवारी करा."

"सोमवार पाहून छापली तं ती दुरुस्ती नाही होत, साहेब. ती सोय होते."

संपादकांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "मजकूर दाखवा."

रविवारी नागपूरच्या अंकात आलं : 'दुरुस्तीची दुरुस्ती : नागपूरकडे बंडी नावाचा कपडा नाही, असे येथे छापले होते. तो आहे. कामठीत रोज विकला जातो, खिशाचाही मिळतो. तान्ह्या पोळ्याची बंडी मात्र बैलगाडीच. चुकीचे वाक्य वाटलेले होते, ते ऐकलेले म्हणून छापले गेले.'

सोमवारी बैठकीला सगळे वेळेआधी आले होते. समन्वय संपादकांच्या हातात रविवारचा अंक होता. ते म्हणाले, "म्हणजे ताई, आमची चौकट अर्धी बरोबर होती."

"शब्द बरोबर होता. सण चुकला."

"हे तुम्ही छापलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"हाव. तुम्हाले नसतं कळलं."

समन्वय संपादक हसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की इथून लिहायचं आणि नागपुरात दोनदा दुरुस्त करायचं, यापेक्षा नागपूरने आपलं आपण लिहिलेलं आणि आपलं आपण दुरुस्त केलेलं बरं. चौकट परत घ्या. लगेच कोल्हापूरच्या आवृत्तीतून एकाने विचारलं की मग आमची पण आम्हाला मिळेल का, आमच्याकडे एका शब्दावरून बरेच दिवस काही लोक रागावलेले आहेत. नागपूरच्या खोलीत टाळ्या वाजल्या. ताईंनी हातानेच थांबवलं, कारण कोल्हापूरवाला सांगत असलेला शब्द त्यांना ऐकू येत नव्हता.

परत आलेल्या पहिल्या चौकटीत त्यांनी 'काहून' छापला, 'खात्रीने सांगता येत नाही' यासकट. त्या दिवशी आलेल्या फोनवर काहूनच्या जन्माबद्दल इतके तर्क आले की शेवटी त्यांनी फोन बाजूला काढून ठेवला. सगळे वाटलेले होते. त्या खुश दिसत होत्या.

निवृत्त होईपर्यंत चौकट त्यांनीच लिहिली. निरोपाच्या दिवशी समोसे होते, शाल होती, संपादकांचं भाषण होतं. विहीणबाई आल्या होत्या आणि कामठीचे दुकानदारही. ताई बोलायला उभ्या राहिल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि बसल्या. चौकट आता महेशकडे जाणार होती. त्या संध्याकाळी चौकट त्याने ताईंना न दाखवता लावली : 'सांबारताई : या चौकटीच्या जन्मदात्या आणि सर्व वाचकांच्या लाडक्या उपसंपादक. काल निवृत्त झाल्या.'

दुसऱ्या दिवशी महेश टेबलाशी येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"हुडकेश्वरहून बोलून राहिली. तुमच्या चौकटीत चुका आहे."

"ताई, ते प्रेमाने लिहिलं होतं."

"हाव, समजलं. पण चौकट मी सुरू नाही केली. माह्या आधी गुलाबराव म्हणून एक जुळारी होते. छपाईचे खिळे जुळवताना बातमी कमी पडली की मोकळ्या जागेत ते एखादा शब्द टाकत, अर्थासकट. ते गेल्यावर मी धरलं. त्यायचं नाव कधी छापून नाही आलं. छाप."

"छापतो. मग तुम्ही काय केलं असं लिहू?"

"चालू ठेवली, असं लिही. मधात काही महिने ती मुंबईहून येत होती, तेही लिही. अन् ते सर्व वाचकांच्या म्हणून काय लिहिलं? सर्वायले कोणी विचारलं?"

"कोणी नाही."

"मंग काढ ते."

महेशने त्या सांगत गेल्या तसं उतरवून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. पान जाण्याआधी त्याने शेवटी एक वाक्य स्वतःचं घातलं. दुसऱ्या दिवशी चौकटीत आलं :

'दुरुस्ती : ही चौकट सांबारताईंनी सुरू केली, असे काल येथे सूचित झाले होते. ती जुळारी गुलाबराव यांनी सुरू केली. सांबारताईंनी ती चालू ठेवली. मधले काही महिने ती मुंबईहून येत होती. "सर्व वाचकांच्या लाडक्या" यातील "सर्व" हा शब्द मागे घेण्यात येत आहे. "लाडक्या" हा शब्द तसाच राहील.'

त्याबद्दल हुडकेश्वरहून फोन आला नाही.